केर

चॅपलची किल्ली अजून माझ्याकडेच आहे.
वजन पावशेर, दाते झिजलेले, माझ्यासारखेच.
मागच्या वर्षी शेवटची प्रार्थना झाली
तेव्हा आम्ही नऊ जण होतो,
पाद्री धरून.
वर, माळ्याच्या तुळयांना, दीडशे.

मोजले हेलेदनं. मी कधी मोजले नव्हते.
इवलीशी वटवाघळं, नाकावर घोड्याची नाल,
पंखांची घोंगडी स्वतःभोवती लपेटून
उलटी निजलेली.
वेल्सच्या या टोकाला पाटीच्या दगडाची खाण चालायची
तेव्हा आमचे बाप बराकीत असेच निजायचे,
एकाला एक न चिकटता,
तरी एकाच श्वासात.

ती कोळसा घेऊन आली, आणि कागदाचं भेंडोळं,
एवढं लांब
की बसवाल्यानं त्याचंही तिकीट फाडलं.
भिंतीला कागद लावायची, कोळसा आडवा धरून घासायची,
शाळेत आपण नाण्यावर घासायचो तसा.
दगडातले छिन्नीचे घाव वर आले.
बाकांवरच्या पितळी पट्ट्या आल्या:
ग्रिफिथ, टेगिद, विधवा मारेद,
हप्त्यानं वर्गणी भरून घेतलेली बसायची जागा.
उत्तरेच्या भिंतीत, चुन्याच्या फटीत
बोटभर नेचा आहे,
तोही आला, न उपटता.
त्याच्यावरून तिचा हात इतका हलका गेला
की मी दुसरीकडे बघितलं.

कंत्राटदार म्हणतो, चुना खरवडून सिमेंट भरू.
आठ फ्लॅट. समुद्र दिसेल,
निदान वरच्या चारांना.
वटवाघळांना गॅरेजवर लाकडी पेटी देऊ,
नियमात बसेल असं बघू.
वाईट माणूस नाही तो.
त्याचा आजा इथंच टेनर गायचा,
तिसऱ्या ओळीत, सर्दी झाली तरी.

मग तिनं माळ्याच्या फळ्यांवर
कोरा कागद अंथरला
आणि आठ दिवस गावाला निघून गेली.
मला सांगायचं राहिलं तिचं.
शनिवारी मी झाडू घेऊन वर चढलो.
हाताला सवय. एक फटकारा मारला
आणि थांबलो.

लेंड्या. मोहरीएवढ्या, काळ्या.
जो जिथं लटकला त्याच्या खाली त्याचा ठिपका,
कुठं विरळ, कुठं दाट,
तुळईची सरळ रेघ आणि तिला आलेला बाक,
छप्पर गळतं तिथं रिकामा गोल,
आणि धुराड्याच्या उबेला धरून
एक काळाभोर पुंजका: बाळंतिणींची खोली.
दीडशे जिवांनी अंधारात काढलेला
छपराचा नकाशा.

चाळीस वर्षं, दर शनिवारी,
हे चित्र मी सुपलीत भरून
गुलाबांच्या मुळाशी ओतत होतो.
गुलाब मात्र फार सुंदर यायचे.

मासळीच्या लिलावाच्या जुन्या शेडमध्ये
प्रदर्शन लागलं. बर्फाचा वास अजून जात नाही तिथला.
कंत्राटदार आला, बूट पुसून आला.
पितळी पट्ट्यांपाशी आज्याच्या नावावर बोट ठेवलं,
बोट काळं झालं,
पँटला पुसलं.
‘सोमवारी मचाण बांधायचंय,’ म्हणाला,
पण हळू, चॅपलमध्ये बोलतात तसं.

लेंड्यांच्या चित्राखाली हेलेदनं चिठ्ठी लावली होती.
आधी वटवाघळं. मग छप्पर.
मग, झाडू: इद्वाल.
डाव्या कोपऱ्यात माझा फटकारा तसाच,
शेपटी फुटलेल्या ताऱ्यासारखा.
मी म्हटलं, अगं, ती चूक आहे, काढून टाक.
ती म्हणाली, काढू कशानं,
झाडू तर तुमच्याकडे.

आता मे संपत आलाय. वरच्या बायका जड झाल्यात,
संध्याकाळी उशिरा निघतात, लवकर परततात.
ऑफिसातून फोन होता: किल्ली आणून द्या.
कुठं ठेवली आठवत नाही,
असं सांगायचं ठरवलंय.
या वयात लोक विश्वास ठेवतात.